जीर्णोद्धार आणि जुना गिलावा



जीर्णोद्धार म्हटला की आपण प्रथम जुना गिलावा खरवडतो. पण त्या मातीतही पूर्वजांची विद्या असते. वेरूळचेच उदाहरण घ्या. तेथील लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचे नमुने संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने व अवरक्त किरणांनी तपासले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नव्हते. तेथे किडीने गिलावा पोखरला, चित्रांची हानी झाली. वेरूळच्या गिलाव्याला मात्र कीड लागलेली आढळली नाही. कारागिराचे नाव आपणांस ठाऊक नाही. त्याची हुशारी चिमूटभर मातीने सांगितली.

म्हणून हात जोडून विनंती आहे. आपल्या देवळाच्या ज्या जुन्या भिंती उरल्या आहेत, त्यांना हात लावण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून डिजिटल छायाचित्रे घ्यावीत. गळून पडलेली खपली कागदात बांधून, वर जागा व तारीख लिहून जपावी. जुन्या रंगावर ऑइलपेंट चढवू नये. यास खर्च फारसा नाही. पण एकदा खरवडलेला थर कितीही देणग्या जमल्या तरी परत येत नाही.