हिवताप, परदेशी साहाय्य आणि आरोग्यसेवक



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी सरकारी नोकराला पाचारण करणे हे धाडसच म्हटले पाहिजे. मी डॉक्टर नव्हे, अर्थशास्त्रज्ञ नव्हे, बी. ए. होऊन फायलींत आयुष्य घालविलेला माणूस. परंतु परदेशी साहाय्याने राष्ट्राची आरोग्यसेवा सुधारण्याचे प्रकल्प मध्येच का अडखळतात, याचे उत्तर मला एका जुन्या हकिगतीत सापडते. ती हकिगत हिवतापाची.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा सरकारी अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेने डीडीटी व साधनसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांचा सल्ला दिला. हा मार्ग आपल्याला अगदीच नवा नव्हता. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार-धारवाडकडे फवारणीचा प्रयोग आधीच यशस्वी करून दाखविला होता. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला. १९६५ साली रोग्यांची नोंद सुमारे एक लाखावर उतरली. हे यश कमी लेखणारा मी नव्हे. पण १९७६ साली तोच आकडा सुमारे पासष्ट लाखांवर गेला!

डास डीडीटीला दाद देईनासे झाले, साहाय्याचा ओघ आटला, औषध वेळेवर पोहोचेना, ही कारणे खरीच आहेत. मला मात्र निराळीच गोष्ट खुपते. फवारणी थांबल्यावर दर पंधरवड्याला घरोघर जाऊन ‘कोणाला ताप आहे का?’ असे विचारणारा आणि काचेवर रक्ताचा थेंब घेणारा माणूस हवा होता. पुढे हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रांनी उचलावयाचे होते. कित्येक ठिकाणी ती केंद्रे उभीच नव्हती. १९६३ साली चढ्ढा समितीने दहा हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक सुचविला. त्याच्याच माथी कुटुंबनियोजन आणि जन्म-मृत्यूच्या नोंदीही मारल्या. एका माणसाने करावे तरी काय? रक्ताच्या काचा तपासणीवाचून साठत राहिल्या. तापाने फणफणलेल्या माणसाला आपल्याला काय झाले हे कळेपर्यंत त्याच घरातील आणखी दोघे अंथरुणाला खिळलेले असत.

साहाय्य देणाऱ्याला पिंपे मोजता येतात, गाड्या मोजता येतात. सेवकाचा तीस वर्षांचा पगार कोणी देत नाही. तो राज्याच्या अंदाजपत्रकातूनच काढावा लागतो, आणि ती तरतूद प्रथम कोण करणार यावर टिपणे फिरत राहतात. मी स्वतः अशा एका कचेरीत होतो, तेथे प्रकल्पाची जीप आवारात गंजत उभी होती, कारण मुदत संपताच ड्रायव्हरचे पदही संपले होते. मंडळाची वास्तू देणगीतून उभी राहील, पण ग्रंथालयाच्या शिपायाचा पगार वर्गणीतूनच निघतो, हे आपल्या खजिनदारांना वेगळे सांगावयास नको.

१९७७ च्या सुधारित योजनेने निर्मूलनाचा आग्रह सोडला आणि गावोगावी शिक्षक, पंचायतीचे सदस्य यांच्याकडे क्लोरोक्विनच्या गोळ्या ठेविल्या. १९८४ च्या सुमारास रोग्यांची संख्या वीस लाखांच्या आसपास आली. कार्यक्रमाच्या नावातील ‘निर्मूलन’ हा शब्द मात्र १९९९ पर्यंत तसाच होता.