चीड वृक्षाचा चीक आणि वणवा

सारंगीच्या गजाला तारेवर पकड यावी म्हणून वादक त्याला राळ चोळतो. रंगाच्या दुकानांतलें टर्पेंटाईन हें त्या राळेचें भावंडच होय. या दोन्ही वस्तु ज्या चिकापासून निघतात, तो चीक देणारा एक वृक्ष म्हणजे हिमालयाच्या खालच्या उतारांवरील चीड.

देवदार, कैल, चिलगोजा यांच्याप्रमाणें चीड हा सूचिपर्णी वृक्ष आहे. आंब्याचें बी फळाच्या पोटांत झांकलेलें असतें. सूचिपर्णी वृक्षांचें बी फळांत नसतें. चिडाचें बी शंकूच्या खवल्यांवर उघडें असतें. शंकु पिकावयास सुमारें दोन वर्षें लागतात; मग खवले उलगडतात आणि पंखाचें बी वाऱ्याबरोबर निघून जातें. पानें सुईसारखीं, तीन-तीनांच्या जुडग्यांत असतात. त्यांवरील मेणचट लेपामुळें पाण्याची बचत होते. खोडाला जखम झाली कीं चीक झरतो, जखम बुजवितो आणि किडीला थोपवितो.

परंतु ज्या गुणांनीं हा वृक्ष तगतो, तेच वणव्याला खाद्य पुरवितात. ऐन उन्हाळ्यांत गळालेलीं पानें, ज्यांना कुमाऊंत पिरूल म्हणतात, लवकर कुजत नाहींत आणि ठिणगी पडतांच भडकतात. जाड सालीमुळें मोठा चीड वांचतो. शेजारचीं बांज वृक्षाचीं रोपें मात्र जळून जातात. बांजाचा पाला हा गुरांचा चारा, आणि त्याखालची भुसभुशीत माती पाणी धरून ठेवते. बांज हटला कीं चाऱ्यासाठीं डोंगर चढणाऱ्या स्त्रीची वाट लांबते.

हें पहाडी शेतकरी जाणून होता. ब्रिटिश सरकारनें कुमाऊंतील वनें राखीव करून चराईवर निर्बंध घातले, तेव्हां १९२१ सालीं लोकांनीं आगी लावल्या. त्यांत चीक काढण्याचीं चिडाचीं वनें जळालीं; बांजाचीं रानें बहुतांशीं वांचलीं. पुढें १९३१ सालीं वनपंचायतींचे नियम झाले आणि गांवाला आपलें रान राखण्याचा कांहीं अधिकार मिळाला.

२०१६ सालीं उत्तराखंडांत पुन्हां मोठे वणवे पेटले. यांत दोष एकट्या चिडाचा नव्हे. उघड्या, खडकाळ उतारावर जेथें दुसरें झाड सहसा धरत नाहीं, तेथें तो मूळ धरतो. पाऊस येण्यापूर्वीं पिरूल गोळा करून इंधनास लावणें आणि बांजाला त्याची जागा राखून देणें, एवढें माणसाच्या हातीं आहे.