हौशी धावकाने अंतर व वेग कसा वाढवावा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृह या विषयांना मान असतो. त्यांच्या पंक्तीस धावण्याला बसविल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून आपल्या कित्येक घरांतून कोणी ना कोणी पहाटे बूट बांधून बाहेर पडू लागले आहे. त्या मंडळींची तक्रार मात्र एकच ऐकू येते: "वर्ष झाले, रोज धावतो, पण पाच किलोमीटरला पस्तीस मिनिटे लागत होती, ती आजही पस्तीसच लागतात."

याचे कारण आळस हे क्वचितच असते. बहुतेक जण रोज तेवढेच अंतर, तेवढ्याच मध्यम दमछाकीने धावतात. तो वेग विसावा देण्याइतका मंद नसतो आणि शरीराला नवे काही शिकविण्याइतका जलदही नसतो. म्हणून पहिली सूचना विचित्र वाटेल: बहुतेक दिवशी आहात त्याहून सावकाश धावा. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, ही त्याची कसोटी. पाच किलोमीटरला पस्तीस मिनिटे घेणाऱ्याने अशा दिवशी किलोमीटरला आठ मिनिटे खुशाल घ्यावीत. मागून येणारा पुढे गेला तरी जाऊ द्यावा. हे आपल्या लोकांना फार जड जाते! अशा संथ धावण्याने हृदय दर ठोक्यास अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि चरबीचे इंधन वापरण्याची शक्ती येते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांना आठवड्यास सुमारे १०० मैल धावावयास लावीत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळविले. ८०० मीटर हे अंतर दोन मिनिटांच्या आत संपते. त्यासाठीही पाया लांब पल्ल्याचाच घातला गेला, हे ध्यानात घ्यावे. आपण अर्थातच १०० मैलांच्या वाटेस जाऊ नये.

वेगासाठी आठवड्यातून एकच दिवस राखावा. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटर जलद धावे, थोडे अंतर रमतगमत जाई आणि पुन्हा जलद धावे. असे तो कित्येक वेळा करी. १९५२ साली हेलसिंकीस त्याने ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. आपल्या पस्तीस मिनिटांच्या गृहस्थाने दहा मिनिटे संथ धावून अंग गरम करावे. मग ४०० मीटर सुमारे दोन मिनिटे चाळीस सेकंदांत धावावे, दोन मिनिटे चालावे, असे सहा वेळा करावे. सहावी फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली, तर वेग बरोबर निवडला असे समजावे. जवळ मैदान नसेल तर एखादा मध्यम चढ शोधावा. चढावर पाऊल आपोआप आखूड पडते आणि सांध्यांवर आघातही कमी होतो.

अंतर वाढविण्यास रविवारची एक लांब धाव पुरे. सहा किलोमीटर जमत असतील तर पुढील आठवड्यात सात, मग आठ आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा सहा. नंतर आठ, नऊ, दहा, पुन्हा आठ. मग दहा, अकरा, बारा. अकरा आठवड्यांत अंतर दुप्पट होते. मधून मागे येणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते, पण तेथेच ते फसतात. हृदय व फुफ्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, तर हाडे व स्नायुबंध यांस महिने लागतात. दम पुरतो म्हणून मनुष्य अंतर वाढवितो आणि नडगी वा टाच दुखू लागते. एकाच बिंदूवर हाड दुखत असेल, तर मलम चोळीत धावत राहू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी वयाचा विचार न करता, आरंभीच तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दडपण आले तर त्या क्षणी थांबावे.

तासाभराच्या धावेस खास आहार लागत नाही. त्याहून लांब जाताना केळे वा गुळाची चिक्की जवळ असावी. पाणी तहानेप्रमाणे घ्यावे. भीतीपोटी पोट भरभरून प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जिवावर बेतू शकते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापते. तेथे मे महिन्यातील वेळ डिसेंबरशी ताडून पाहून खंत करू नये.

आता थोडे स्पष्ट बोलतो. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, ते शतक उलटून गेले. स्त्रियांना मात्र ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ साली खुली झाली. १९२८ नंतर तर ३२ वर्षे त्यांना २०० मीटरहून लांबची शर्यतच नव्हती, कारण त्यांस झेपत नाही असे ठरविले गेले होते. आपल्या साताऱ्याच्या ललिता बाबर २०१६ साली रिओच्या अंतिम फेरीत ३,००० मीटर स्टीपलचेस धावल्या. आणि आपल्या घरांत? मुलगा पहाटे निघाला की त्याच्यासाठी दूध तापते. सून निघाली की "लोक काय म्हणतील" आणि "डबे कोण करणार" हे दोन प्रश्न दारात उभे राहतात. गेल्या वर्षी दोन भगिनींनी मला विचारले, आम्ही कोठे धावावे? अंधारात रस्त्यावर भीती वाटते आणि उजाडल्यावर वेळ उरत नाही. या प्रश्नास वेळापत्रक हे उत्तर नव्हे.

म्हणून कार्यकारी मंडळाकडे माझी मागणी आहे. वसतिगृहामागील आपले आवार सकाळी साडेपाचला उघडावे, दोन दिवे लावावेत आणि आठवड्यातील तीन दिवस ते भगिनींसाठी राखावे. कडेने एक फेरी मोजून चुन्याची खूण करून द्यावी, म्हणजे किती धावलो ते कळेल. डब्यांची व्यवस्था ज्या-त्या घरातील पुरुषांनी पाहावी. ती मंडळाच्या कक्षेत येत नाही. विजेच्या खर्चापोटी पहिल्या वर्षाची रक्कम मी आजच खजिनदारांकडे देत आहे.