खेळघराला दार सर्वांसाठी हवे
(वडोदरा येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाचा खालचा हॉल आठवड्यातले बरेच दिवस कुलुपात असतो. तो मुलांच्या खेळघराला आणि पाळणाघराला द्यावा, असा ठराव आम्ही मांडत आहोत.

दांडिया बाजारातल्या आपल्या घरांत आता आजी-आजोबा असतीलच असे नाही. सूनबाई मकरपुऱ्याला कामावर जाते, मूल शेजारणीच्या भरवशावर टीव्हीपुढे बसते. ज्या मुलाला चालता येत नाही किंवा ज्याचे बोलणे अडले आहे, त्याच्या आईला शेजारीणही मिळत नाही. ती नोकरी सोडते.

सरकारने काही केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पण अंगणवाडी काही तासांची; सहा वाजता सुटणाऱ्या आईला ती पुरत नाही. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहाच्या आतले मूल कलम 45 मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. अपंगांसाठी 2016 चा कायदा आला, त्यातही मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले. दुकानांत, शिकवण्यांत, घरकामात राबणाऱ्या बायका त्या पन्नासात कधी येणार?

खेळघर फक्त मराठी मुलांचे असावे, अशी सूचना आली आहे. आम्हाला ती मान्य नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर गुजराती मुलांतच काम करत होत्या, आणि तो अनुभव घेऊन त्यांनी पुढे अनुताई वाघांसह बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांची अंगणवाडी उभी केली. सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेही एका भाषेच्या रयतेपुरते नव्हते. बाई मराठीत गोष्ट सांगतील, बाजूचे गुजराती मूल ती ऐकेल. मराठी टिकवायची तर अशीच टिकेल. नुसत्या गणेशोत्सवाच्या भाषणांनी नाही. (हे आम्हीही भाषणातच सांगतो आहोत, ते असो.)

अपंग मुलांसाठी वेगळा वार ठेवावा, ही सूचनाही आम्ही बाजूला ठेवली. सगळी मुले एकाच वेळी खेळतील. दारातल्या सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार लागेल. बारास एक हे प्रमाण सोडले तर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या आईचा दम निघतो. वाळूचा हौद जमिनीवर न करता टेबलाच्या उंचीवर करू, म्हणजे खुर्चीतल्या मुलाचा हात पोचेल. गोंगाट सोसवत नाही अशा मुलासाठी पडद्याआड एक शांत कोपरा राहील. संडासाचे दार रुंद करावे लागेल, खर्च मुख्यतः तिथेच आहे.

हॉलचे भाडे बुडेल, हे खजिनदारांचे म्हणणे खरे आहे. म्हणून लग्नसराईतले रविवार आम्ही मागितलेले नाहीत.

दुसरे काम पालिकेकडे. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 रोजी आदेश दिला की सहाच्या आतली चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. नदीकाठच्या वस्त्यांतली मुले मोजायला आम्हाला दहा कार्यकर्ते हवे आहेत. यादी हातात असली, की मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवारापुढे तीच ठेवू, हारतुरे नंतर.

नावे देण्यासाठी वही दाराशी ठेवली आहे. ठराव आता मताला टाकावा, ही अध्यक्षांना विनंती.