आहाराची सापशिडी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांवर अन्नपूर्णेची कृपा आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा, तासगावचा बेदाणा, घरोघरची ज्वारी, यांपैकी काहीही आपणांस दुरून आणावे लागत नाही. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५७ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यांत आपल्या लेकी नसतील असे मानणे ही निव्वळ आत्मवंचना होय.

या वयाची मुले उपदेश ऐकत नाहीत; खेळाचे नियम मात्र आपण होऊन पाठ करतात. म्हणून आम्ही सुचवितो की, मंडळाने सापशिडीचा एक पट करावा. उसळीवर लिंबू पिळले की शिडी. कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की साप. कारण चहा त्याच लोहाच्या शोषणास अडथळा करतो. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांतील मुलांसाठी हाच पट मोबाईलवर आणावा व महिन्यातून एका रविवारी सर्वांनी ऑनलाईन एकत्र खेळावे. गुण आहाराला द्यावेत, कोणाच्या अंगकाठीला कदापि नव्हेत.

परंतु सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या मुलीने कोणती शिडी चढावी? तेवढा नियम वडीलधाऱ्यांनीच बदलावयाचा आहे.

आणि हो, आज मुलांना गोड शीतपेयाच्या बाटल्या वाटल्या गेल्या. अल्पोपाहाराची व्यवस्था आमच्याकडेच होती. पटावरचा पहिला साप तोच काढावा.