बाक हलवता आले पाहिजे



या शिक्षक परिषदेला आलेल्या आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने डहाणू तालुक्यात स्वागत. वर्गखोलीच्या रचनेवर बोलायला याहून योग्य जागा शोधून सापडली नसती. याच तालुक्यात, बोर्डीला, १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच वस्तीवरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया आणि खडे कामाला आले. या दोघींनी जागेचा विचार मुलापासून सुरू केला. आपल्याकडे आज तो बहुतेक वेळा फर्निचरच्या निविदेपासून सुरू होतो, आणि मला जे म्हणायचे आहे ते त्याविषयीच आहे.

निविदेत ज्याला ‘ड्युअल डेस्क’ म्हणतात तो डोळ्यांसमोर आणा. लोखंडी सांगाडा, बसायची आणि लिहायची फळी त्या एकाच सांगाड्याला पक्की जोडलेली, वजन असे की तिसरीतल्या दोन मुलांना मिळूनही तो सहज उचलता येत नाही. चौघांनी गटात बसायचे म्हटले, तर पुढच्या दोघांना मागे वळून, मांडीवर वही घेऊन लिहावे लागते. शिक्षक प्रशिक्षणातून ज्ञानरचनावाद शिकून येतात, उत्साहाने गटकार्य ठरवतात, आणि तासिकेतला बराच वेळ बाके ओढण्यात गेला की आठवडाभरात पुन्हा रांगांवर येतात. दोष त्यांचा नाही. कसे शिकवायचे याचा निर्णय त्या सांगाड्याने आधीच घेतलेला असतो.

मात्र लवचीक, म्हणजे कामाप्रमाणे मांडणी बदलता येणाऱ्या, वर्गाची बाजू मांडताना एक चुकीचा आधार आपण सोडून द्यायला हवा. अमुक मूल पाहून शिकते, तमुक ऐकून शिकते, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा कोपरा करावा, असे पुष्कळदा सांगितले जाते. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचे संशोधन तपासले, तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. मुलांचे असे कप्पे पाडण्याची गरजही नाही. एकच मूल दिवसभरात गोष्ट ऐकते, एकटे गणित सोडवते, मैत्रिणीशी वाद घालते, पानाफुलांची मांडणी करते. यातल्या प्रत्येक कामाला वेगळी बैठक लागते. वानार्का आणि रूल या संशोधकांनी २००८ मध्येच बैठकव्यवस्थेवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही हाच होता: बैठक कामाला साजेशी हवी, आणि एकट्याने करायच्या कामात मुलांचे लक्ष रांगांतच अधिक टिकते. म्हणजे रांग वाईट नाही. आत्ता मी बोलतो आहे आणि आपण ऐकत आहात, त्यासाठी रांगाच योग्य. वाईट आहे ती न मोडता येणारी रांग.

याचा शिकण्यावर खरोखर परिणाम होतो का? साल्फर्ड विद्यापीठाच्या पीटर बॅरेट यांच्या गटाने इंग्लंडमधल्या २७ प्राथमिक शाळांतल्या १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुले अभ्यासून २०१५ मध्ये अहवाल दिला. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला १६ टक्के वाटा वर्गखोलीच्या भौतिक गुणांशी जोडता आला. त्या वाट्याचा जवळपास निम्मा भाग उजेड, हवा, तापमान यांचा होता. लवचीकता आणि ‘हा वर्ग आपला आहे’ ही भावना मिळून सुमारे पाव. म्हणून पत्र्याखाली भाजणाऱ्या आणि कपाटांनी खिडक्या बुजवलेल्या खोलीत रंगीत टेबले आणण्याआधी त्या खिडक्या मोकळ्या करा, असे मी आग्रहाने सांगेन.

आक्षेप ठाऊक आहेत. भिंती काढून मोकळे वर्ग करण्याचा प्रयोग १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झाला, गोंगाटाला कंटाळून पुष्कळ ठिकाणी भिंती परत आल्या. तो धडा मान्य आहे. म्हणूनच भिंत राहू द्या, बाक हलते करा, एवढेच मागणे आहे. दुसरा आक्षेप पटसंख्येचा. शिक्षण हक्क कायदा प्राथमिक वर्गांना तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. त्याच्या दुप्पट मुले जिथे दाटीवाटीने बसतात, तिथे कोणतीही मांडणी तोकडी पडणार, आणि तिथे लढाई आधी जादा वर्गखोलीचीच आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बस्करपट्टीवर बसलेल्या पिढ्यांनी वर्गणी काढून शाळेला बाके दिली, ती मुलांच्या मानासाठी. त्यांना ‘पुन्हा जमिनीवर बसा’ असे कोण सांगणार? मीही सांगणार नाही. थंड फरशीवर वाकून लिहिणे म्हणजे हालच, आणि पायाने अधू मुलाला तर खुर्ची हवीच. पण मान आणि लवचीकता यांत निवड करायची वेळ फक्त जड सांगाड्यामुळे येते. हलकी सुटी मेजे, काही बाके, एका कोपऱ्यात सतरंजी आणि भिंतीवर मुलांच्या हाताला पोहोचणारा फळा, एवढे एका खोलीत मावते. तमिळनाडूच्या कृतियुक्त अध्ययनाच्या वर्गांत असे खालच्या उंचीचे फळे लावले गेले.

आणि ही गरज सर्वांत तीव्र आहे ती आपल्या द्विशिक्षकी शाळांत. पहिली-दुसरी एका खोलीत, एका बाईंसमोर. पहिली वाचायला बसलेली असताना दुसरीने फळ्याकडे पाठ करून आपले काम करायचे असते. खाजगी शाळांच्या माहितीपत्रकांत लवचीक वर्ग झळकतो, पण त्याच्यावाचून खरे अडते ते पाड्यावरच्या या शाळेचे.

म्हणून या परिषदेला जिल्हा परिषदेचे अभियंते आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांनाही आवर्जून बोलावले आहे. त्यांनी शिक्षकांच्या शेजारी बसून खरेदीचे निकष लिहावेत: दोन मुलांना उचलता येईल असे वजन, इयत्तेप्रमाणे उंची, बसायची आणि लिहायची जागा सुटी. नमुना आधी एखाद्या वर्गात महिनाभर वापरला जावा आणि त्या वर्गाच्या बाईंचा लेखी अभिप्राय आल्याशिवाय मागणी नोंदवू नये. असा ठराव इथे झाला तर स्वागत समिती तो जिल्हा परिषदेपर्यंत पोहोचवेल आणि त्याचा पाठपुरावा करील.