जुगाराच्या खात्यातील चोरी : भरपाई कोणाकडे मागायची?

(रायपूर येथे सदर बाजारात रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपण सदर बाजारात, सराफांच्या पेढ्यांशेजारी जमलो आहोत. म्हणून उदाहरण इथलेच घेतो. आपण बांगडी दुरुस्तीला देतो, सराफ पावती देतो. त्याच्या हलगर्जीपणामुळे ती गेली तर भरपाई त्याला द्यावी लागते. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी जपावी, असे १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ सांगते.

आता मोबाइलवरील सट्ट्याचे खाते घ्या. कोणी पासवर्ड चोरून त्यातील रक्कम पळवली, तर जबाबदार कोण? त्याच कायद्याचे कलम ३० म्हणते की पैजेचा करार रद्दबातल आहे. पैजेत जिंकलेल्या किंवा निकालासाठी कोणाकडे ठेवलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. म्हणजे पडद्यावर दिसणारी शिल्लक ही सराफाची पावती नव्हे. गिरणगावात मटक्याचा आकडा घेणारा निदान नाक्यावर सापडत असे. इथे तोही सापडत नाही.

छत्तीसगडने हे जवळून पाहिले आहे. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘महादेव’सह २२ सट्टा ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

परंतु चोर तिथेच थांबत नाही. त्या खात्याला आपले पगाराचे खाते जोडलेले असते. तिथे मात्र कामगार निराधार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले की, चूक बँकेची वा खातेदाराची नसून तिसऱ्याची असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर खातेदारावर तोटा नाही. खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. मात्र ओटीपी स्वतःच दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचा तोटा खातेदाराचा; त्यानंतरचा बँकेचा. म्हणून दिवस मोजत बसू नका. त्याच घटकेला बँकेला कळवा, १९३० वर फोन करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. स्वतः लावलेली पैज मात्र चोरी म्हणून सांगू नका. त्याने खरी तक्रारही बुडते.

अडचण कायद्याची कमी आणि भीतीची जास्त आहे. टपाल खात्याला १९६४ चे आणि रेल्वेला १९६६ चे आचरण नियम आहेत. नेहमीचा कर्जबाजारीपणा टाळा, असे दोन्ही सांगतात. ‘साहेबांना कळले तर?’ या धास्तीने आपला माणूस गप्प बसतो, तीन दिवस जातात, आणि तो सावकाराच्या दारात उभा राहतो. मग खरोखरच कर्जबाजारी होतो.

आणखी एक धोका आहे. ‘तुमचे खाते वापरायला द्या, महिन्याला पैसे देतो’ असे सांगणारे भेटतात. सट्ट्याचा पैसा अशाच परक्या नावांच्या खात्यांतून फिरतो. खाते आपल्या नावाचे, म्हणून पोलीस आधी आपल्या दारात येतात. पासबुक आणि एटीएम कार्ड कोणालाही देऊ नका.

बंधूंनो, प्रत्येक शाखेने दोन विश्वासू सभासद नेमावेत. फसलेल्या सहकाऱ्याला न हिणवता त्यांनी त्याच दिवशी त्याच्याबरोबर बँकेत जावे. जुगाराला संघटनेचा विरोध आहेच. पण अडलेल्या सभासदाला एकटे सोडणे हेही संघटनेचे काम नव्हे.